तपासकामी आवश्यक

आमच्या वाचनालयातल्या रहस्यकथांच्या कपाटात आता एकही पुस्तक कोरं राहिलेलं नाही. प्रत्येकाच्या समासात शिसपेन्सिलीनं, बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरांत शेरे आहेत. 'मयताच्या अंगावरील कपड्यांचे वर्णन अपूर्ण.' 'खबर कोणी दिली? वेळ?' 'इन्स्पेक्टर एकटाच आत गेला. डायरीला रवानगी नोंद आहे काय?' एका जुन्या कादंबरीत नायिका खुनाच्या जागी पडलेला रुमाल उचलून पर्समध्ये टाकते. तिथं नुसतं लिहिलंय, 'हिला अटक करा.'

वाचनालयाचा चिटणीस म्हणून पुस्तक खराब केल्याचा दंड वसूल करणं माझं काम. पण दंड केला तर तो कोणत्या नियमाखाली केला असं ते विचारतील, आणि आमच्या नियमावलीत तो नियमच नाही हे त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक आहे.

ते म्हणजे जमादार. त्यांना नाव आहे, पण गावात ते कोणी घेत नाही. निवृत्तीच्या वेळी सहायक फौजदार झाले, खांद्यावर एक तारा आला, तरी लोकांच्या तोंडी जमादारच राहिले. गाव म्हणजे देसाईगंज. हे सरकारी नाव झालं. तोंडात वडसा, आणि रेल्वेच्या पाटीवरही वडसाच. जमादार भरती झाले तेव्हा सिरोंच्यापासून वरोऱ्यापर्यंत सगळा एकच चंद्रपूर जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ ला जिल्हा फुटला आणि जमादार गडचिरोलीकडे आले. ही हकिकत ते आजही, भावकीच्या वाटणीत खडकाळ तुकडा पदरी पडलेल्या माणसाच्या सुरात सांगतात. मग अहेरी, एटापल्ली, भामरागड. शरीरानं धिप्पाड कधीच नव्हते, धावण्यात मागे, पण अक्षर मोत्यासारखं. ठाण्यात एक माणूस असा असतो की गुन्हा कोणीही करो, आरोपी कोणीही पकडो, कागद त्यानंच लिहायचे. जमादारांनी उभी नोकरी तेच केलं. फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, मर्ग, जबाब, मुद्देमालाची यादी, दोषारोपपत्र. त्यांच्या हिशेबानं त्यांनी लिहिलेली पानं बाबूराव अर्नाळकरांपेक्षा कमी भरणार नाहीत, आणि अर्नाळकरांनी तर हजारावर रहस्यकथा लिहिल्या.

अर्नाळकरांमुळेच ते पोलिसात गेले. झुंजार आणि काळापहाड वाचून चौदाव्या वर्षी ठरवलं, आणि भरती झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की ठाण्यात झुंजारला जागा नाही, कारण त्याला हजेरीपटावर कुठं दाखवायचं हाच प्रश्न. तेव्हापासून त्यांचं आणि रहस्यकथेचं हे असं भांडण सुरू आहे. वाचल्याशिवाय राहवत नाही आणि वाचलेलं पटत नाही.

अशी माणसं सगळ्याच धंद्यांत असतात. मालिकेतल्या ऑपरेशनमध्ये कात्री चुकीच्या हातात आहे म्हणून जेवण टाकून उठणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. पण जमादारांची गोष्ट पुढची. आमचं वडसा झाडीपट्टी नाटकांचं माहेरघर. दिवाळी झाली की कंपन्यांची कार्यालयं गजबजतात, रात्री दहाला पडदा वर जातो तो पहाटेच खाली येतो. एकदा शेवटच्या अंकात इन्स्पेक्टर झालेल्या नटानं खलनायकाला गोळी घातली. मंडपात टाळ्यांचा कडकडाट. तो थांबतो न थांबतो तोच दुसऱ्या रांगेतून आवाज आला, "पुंगळी उचल, बापा, पुंगळी!" नटानं घाबरून खरंच वाकून पाहिलं.

तर या माणसाच्या हाती 'रोझॅना' पडली.

त्यांची मुलगी नागपूरला कॉलेजात इंग्रजी शिकवते. सुटीत आली, पुस्तक विसरून गेली. जमादारांचं इंग्रजी कोर्टाच्या निकालपत्रांवर पोसलेलं. त्यामुळे 'व्हेअरअ‍ॅज' आणि 'इन्टर एलिया' त्यांना शब्दकोशाशिवाय कळतं, पण 'ओव्हरकोट काढला' अशा वाक्याला ते अडतात. शब्दकोश मांडीवर, पेन्सिल कानावर, छपरीतल्या खाटेवर बसून त्यांनी ते पुस्तक उन्हाळाभर वाचलं. मोह वेचणारे, तेंदूच्या फळीकडे निघालेले मजूर पहाटे रस्त्यानं जाताना त्यांच्या छपरीत दिवा पाहायचे.

'रोझॅना' १९६५ ची. स्वीडनमधल्या माय श्योवाल आणि पेर वालो या जोडप्यानं लिहिलेली. दोघं पत्रकार. रात्री मुलं झोपली की टेबलाच्या दोन बाजूंना बसायचं आणि एकानं एक, दुसऱ्यानं पुढचं असं प्रकरण लिहायचं. अशी दहा वर्षांत दहा पुस्तकं, प्रत्येकाची तीस प्रकरणं. मार्टिन बेक हा त्यांचा पोलीस अधिकारी. कालव्यातला गाळ काढताना यंत्राच्या डोलीत एका तरुणीचं प्रेत येतं. अंगावर कपडे नाहीत, ओळख नाही. ती कोण, एवढं कळायलाच तीन महिने जातात.

"हे पुस्तक खरं हाय, सर," जमादार मला म्हणाले. नोकरीतली माणसं औपचारिक मराठी नोकरीत सोडून येतात. जमादारांची लेखी भाषा अजून सरकारी आहे, बोलताना मात्र झाडी. "तीन महिने काईच होत नाई. लेखकाले ठाण्यातलं मालूम हाय."

काहीच घडत नाही ही कादंबरीची तारीफ म्हणून मी पहिल्यांदाच ऐकली.

पुस्तक माझ्याकडे आलं तेव्हा समास भरलेले होते. पहिल्याच प्रकरणात: 'हद्द कोणाची?' वडशाच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. वैनगंगेच्या या तीरावर गडचिरोली जिल्हा, त्या तीरावर ब्रह्मपुरी, म्हणजे चंद्रपूर. पुरात वाहून आलेलं प्रेत मधल्या रेतीवर अडकलं की दोन्ही काठांवरचे पोलीस आधी प्रेताकडे पाहत नाहीत, प्रवाहाकडे पाहतात. जमादारांना आश्चर्य वाटलं ते याचं, की कालव्यावरच्या मोटाला गावच्या पोलिसांनी ते प्रेत कालव्याच्या पुढच्या दरवाज्यातून हळूच खाली सोडलं नाही.

पुढं: 'दोन पंच कुठे आहेत?' हाच प्रश्न दहा-बारा पानांवर, दर वेळी थोड्या जास्त दाबलेल्या पेन्सिलीनं. अख्ख्या स्वीडनमध्ये एक पंच नाही. जप्ती होते, घरझडती होते, कालव्यातून गेलेल्या बोटीवरच्या प्रवाशांनी काढलेले फोटो जगभरातून गोळा होतात, आणि कशावरही कोणाची सही नाही. जमादारांच्या सगळ्या नोकरीचा पाया पंच. त्यांच्या एका ठाण्यासमोर चहाची टपरी होती. तिचा मालक आयुष्यभर पंच होता. मोहाचा सडवा नष्ट करताना तोच, सायकलचोरीत तोच, जुगारातही तोच. एकदा तर त्याच्या स्वतःच्या टपरीतल्या चोरीतही जमादारांनी सवयीनं त्याचंच नाव लिहिलं होतं, साहेबांच्या नजरेस आलं म्हणून वाचले. तो माणूस आता वडशातच असतो, स्टेशनकडच्या रस्त्यावर मुलाच्या हॉटेलात गल्ल्यावर बसतो. वाचायला त्याला येत नाही, सही मात्र घोटीव आहे.

मार्टिन बेकवर जमादारांचं प्रेम बसलं. सतत सर्दी, पोट बिघडलेलं, बायकोशी धुसफूस, जेवणाला वेळ नाही. 'हा आपल्यातलाच.' पण लगेच खाली: 'सहा महिन्यांत एकही बंदोबस्त नाही!!' दोन उद्गारचिन्हं. जमादारांच्या लिखाणात उद्गारचिन्ह मी इतरत्र पाहिलेलं नाही. बेकला मंत्र्याच्या दौऱ्याला उभं केलेलं नाही, निवडणूक नाही, गणपती नाही, मार्कंड्याची महाशिवरात्रीची यात्रा नाही. एका माणसाला एक गुन्हा आणि सहा महिने. "असं असलं तर आमच्या शिपायानंबी उघड केला असता." बेक स्टॉकहोमहून मोटाल्याला निघतो तेव्हा सरळ निघतो. भामरागडकडे घटनास्थळी जायचं तर आधी रस्ता तपासून घ्यायचा, सुरुंग आहे का, आणि बहुतेकदा गाडी सोडून जंगलातून पायी. कित्येकदा घटनास्थळच ठाण्यात यायचं. नातेवाईक मयताला खाटेवर घालून चालत घेऊन यायचे. समासात: 'रस्ता कोणी मोकळा केला?'

दारूचा शेरा तर सगळ्यांना पाठ झालाय. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. पलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये गेली. त्यामुळे पुलावरून येणारी प्रत्येक डिक्की जमादारांनी उघडून लिहिली आहे. दारूबंदी कायद्याचं कलम ६५ (ई) त्यांनी स्वतःच्या सहीपेक्षा जास्त वेळा लिहिलं असेल. स्वीडनचे लोक पानापानाला पितात. जमादारांनी सुरुवातीला प्रत्येक ठिकाणी कलम टाकलं. नंतर कंटाळून लिहिलं, 'येथून पुढे सर्व पात्रांविरुद्ध कारवाई प्रस्तावित समजावी.'

हे शेरे वाचायला आता पोरं येतात. आमच्याकडे पहाटे चारला प्रत्येक डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं धावत असतात. त्यांतल्या कोणाला तरी कळलं की वाचनालयातल्या अर्नाळकरांच्या समासात तपासाची पद्धत फुकट शिकायला मिळते. मधला मजकूर कोणी वाचत नाही. अर्नाळकरांना हा दिवस दिसला नाही ते एका परीनं बरंच झालं.

जमादारांना मी एकदा एच. आर. एफ. कीटिंगची गोष्ट सांगितली. मुंबईचा इन्स्पेक्टर घोटे या माणसानं १९६४ मध्ये उभा केला, तोही मुंबई न पाहता, इंग्लंडात बसून, नकाशे आणि पुस्तकं समोर घेऊन. प्रत्यक्ष मुंबईत तो पुढं दहा-एक वर्षांनी आला. मला वाटलं, जमादार भडकतील. ते बराच वेळ गप्प राहिले.

"घटनास्थळी न जाता पंचनामा," ते म्हणाले. "केले हायेत जी. पावसाळ्यात आमीबी केले हायेत."

'रोझॅना'मध्ये काही पानं मात्र अशी आहेत की तिथं एकही शेरा नाही. मृत मुलगी अमेरिकेतली निघते, आणि तिकडचा काफ्का नावाचा पोलीस तिच्या मैत्रिणीचे, मित्राचे जबाब घेऊन पाठवतो. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. सुरुवातीला जमादारांनी लिहिलंय, 'जबाबावर सही घेतलेली नाही. बरोबर.' पोलिसांपुढच्या जबाबावर सही घ्यायची नसते हे आपल्याकडे कित्येक वकिलांनाही आठवण करून द्यावं लागतं. पुढं काफ्का त्या मुलीच्या पुरुषांविषयी विचारू लागतो. किती होते, कसे होते, तिला कोणाचं काय वाटायचं. तिथून पेन्सिल थांबते. नुसती एक उभी रेघ, चार पानं.

मी विचारलं. ते म्हणाले, "आमचं वडशाचं ठाणं हाय ना जी."

एवढं पुरेसं होतं. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर ठाण्यातल्याच माणसांनी अत्याचार केल्याचं ते प्रकरण देशाला मथुरा प्रकरण म्हणून माहीत आहे. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयात पोलीस सुटले, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. पुढच्या वर्षी कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. खालच्या कोर्टात ती मुलगी खोटारडी ठरली होती, आणि तिचे आधीचे संबंध तिच्याच विरोधात मोजले गेले होते. काफ्काचे प्रश्न तेच आहेत. फरक इतकाच की त्या पुस्तकात ते तिला कोणी मारलं हे शोधायला विचारले जातात आणि त्यावरून तिची किंमत कोणी ठरवत नाही.

"आमी भरती झालो तवा नवीन पोरांले एकच सांगत," जमादार म्हणाले. "रात्री बाईमानूस ठाण्यात दिसली नाई पायजे. मले वाटलं, बाईच्या भल्यासाठी. मंग समजलं, आमच्या नोकरीसाठी."

जमादारांची मुलगी पुस्तक शोधत परत आली तेव्हा समास पाहून आधी किंचाळली, मग खाली बसून सगळे वाचले. तिनं बापाला समजावलं की हे लेखक नुसता खुनी पकडायला निघालेले नाहीत. सगळ्यांची काळजी घेणारं राज्य म्हणून जगभर नाव असलेल्या देशात माणसं आतून कशी पोखरत जातात, ते त्यांना दहा पुस्तकांत मिळून दाखवायचंय. आरोपी सापडला म्हणजे गुन्हा उलगडला असं नाही. त्याच्यामागं समाज असतो.

"मंग समाज फरार दाखवायचा का?" जमादारांनी विचारलं. "दोनशे नव्व्याण्णव खाली?"

"बाबा, आता तो कायदा बदलला."

"कायदा बदलला, आकडे बदलले. तीनशे दोनचं एकशे तीन झालं. मयत काई उठून बसला नाई."

जमादारांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, आतून सांगितलं की पोरीला आधी जेवू द्या, समाजाला संध्याकाळी पकडा. काकूंचं रहस्यकथांविषयी एकच मत आहे, घरातल्या माणसांकडे आधी पाहा, आणि ते बहुतेक बरोबर ठरतं. त्यामुळे नवं पुस्तक आणलं की जमादार त्यांना कथानक सांगत नाहीत.

पण ते 'समाज' प्रकरण जमादारांच्या डोक्यातून गेलं नाही. पावसाला सुरुवात झाली होती, वीज गेलेली, आम्ही छपरीत बसलो होतो. म्हणाले, भामरागडकडे असताना मंत्रतंत्राच्या संशयावरून झालेले खून लिहिलेत. एखादं पोर तापानं जातं. गाव ठरवतं, म्हाताऱ्यानं काहीतरी केलं. रात्री कुऱ्हाड. पंचनामा काय लिहायचा ते ठरलेलं: कुऱ्हाड, लांबी इतकी, दांडा बांबूचा. रक्तमिश्रित माती एक पुडी, साधी माती एक पुडी, दोन्ही सीलबंद, लाखेचा ठसा. आरोपी तासाभरात कबूल, पळतसुद्धा नाही. तपास संपला. आता २०१३ पासून जादूटोण्याविरुद्धचा कायदा आहे, तोही लावायचा.

"पन पोर कसं मेलं ते कोन लिवन?" ते म्हणाले. "पर्लकोटेले पूर. भामरागडाचा रस्ता बंद. दवाखाना नदीच्या पल्याड. हे कोनत्या रकान्यात लिवू सांगा. पर्लकोटेवर कोनतं कलम लावू?"

मी काही बोललो नाही. त्यांना उत्तर नकोच होतं. उठून आत गेले, टॉर्च घेऊन आले आणि 'रोझॅना'च्या शेवटच्या कोऱ्या पानावर काहीतरी लिहू लागले. मी डोकावलो तर पान हातानं झाकलं.

आठवड्याभरात वाचनालयाला अर्ज आला. फुलस्केप कागद, डावीकडे दोन बोटं समास सोडलेला. विषय: उर्वरित नऊ पुस्तके उपलब्ध करून देण्याबाबत. कार्यकारिणीच्या बैठकीत मी वाचून दाखवला. आमच्यातल्या एका शंकेखोर सभासदानं मोबाइलवर शोधून जाहीर केलं की हे लेखक जोडपं मार्क्सवादी होतं. बैठक एकदम शांत झाली. गडचिरोली जिल्ह्यात ही बाब अशी सहजी घेता येत नाही. चकमकीनंतरच्या बातमीत पिट्टू, औषधं, वायर आणि 'साहित्य' जप्त झाल्याचं आम्ही इतकी वर्षं वाचत आलोय, की पुस्तकाला साहित्य म्हणतानाही इथं कोणी जरा इकडेतिकडे पाहून घेतो. स्वीडिश साहित्य आमच्या कपाटात सापडलं तर आमच्यासाठी कोण धावून येणार?

जमादारांना बोलावलं. ते मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून आले. सगळं ऐकून घेतलं, अर्ज परत मागितला, खिशातून पेन्सिल काढली आणि समासात स्वतःच्याच अर्जावर शेरा मारला: 'साहित्य आक्षेपार्ह असू शकते. परंतु तपासकामी आवश्यक.' खाली सही, दिनांक, वेळ.

अशा शेऱ्यापुढं कार्यकारिणी काय करणार? नऊ पुस्तकांचे पैसे नव्हते, एकाचे मंजूर झाले. जमादारांनी तीन दरपत्रकं मागवण्याचा आग्रह धरला, त्यात महिना गेला. शेवटी 'द लाफिंग पोलिसमन' मागवलं. १९६८ चं. स्टॉकहोममध्ये एका बसमधल्या नऊ जणांना कोणीतरी गोळ्या घालतो, आणि मेलेल्यांत बेकच्याच हाताखालचा एक तरुण पोलीस निघतो, जो ड्यूटीवर नसताना त्या बसमध्ये काय करत होता हे कोणालाच माहीत नाही. एवढं मी जमादारांना आगाऊ सांगितलं तर म्हणाले, "त्याची रवानगी नोंद पायजे." पुस्तक अजून आलंही नव्हतं.

पार्सल आलं त्या दिवशी जमादार सकाळपासून वाचनालयात. मी कात्री घेतली तर त्यांनी हात धरला. आधी वेष्टन सुस्थितीत असल्याची नोंद, मग वजन, मग चिकटपट्टीचा रंग. पंच म्हणून एक मी. दुसऱ्यासाठी त्यांनी पोराला स्टेशनकडच्या हॉटेलात पिटाळलं. गल्ल्यावरचे ते जुने पंच खांद्यावर टॉवेल टाकून आले, टेबलाकडे, पार्सलकडे, माझ्याकडे कशाकडेही न पाहता जमादारांनी दाखवलेल्या जागी सही ठोकली, आणि जायला निघता निघता दारात थांबून विचारलं, "साहेब, कोर्टात कवा यावं लागन?"